सातबाऱ्यावरचं ‘अज्ञान’ आणि आपलं ‘नकळत’

आजोळच्या जमिनीचा सातबारा काढला. मामाच्या नावाआधी ‘अज्ञान’ आणि पुढे ‘अ.पा.क.’ लिहून आजीचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आजीला जाऊन वीस वर्षं झाली, मामा ६७ वर्षांचा आहे आणि दप्तरी अजून अज्ञानच. (मामीला दाखवलं तर म्हणाली, नोंद बरोबर आहे.) पण शंका खरीच आहे. वयाने लहान असलेल्याला ‘अज्ञान’ का म्हणायचं? वेदान्तातलं अज्ञान ते हेच का? आणि अजाण, अजाणता, नकळत यांत नेमका फरक काय? जाणकारांनी सांगावं.

---

शब्द एकच, पण अर्थ दोन. सातबाऱ्यावर ते विशेषण आहे: ज्याला ज्ञान नाही तो अज्ञान. उलट बाजूला ‘सज्ञान’. इथे ज्ञान म्हणजे व्यवहाराची समज, आणि ती कधी येते हे कायद्याने वयावर ठरवून टाकलंय. १८७५ च्या कायद्यापासून सर्वसाधारणपणे १८ वर्षं. काल अज्ञान, आज वाढदिवस, म्हणून सज्ञान. वेदान्तातलं अज्ञान हे नाम आहे: आत्मस्वरूप न कळणं. ते असं वाढदिवसाला जात नाही, तिथे पंडितही अज्ञानीच निघतो.

फौजदारी कायदा मात्र निव्वळ वयावर थांबत नाही. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा नाही. सात ते बारामध्ये मात्र, आपण काय करतोय आणि त्याचं काय होईल हे ठरवण्याइतकी समज त्या मुलाला आली होती का, ते पाहतात. दंड संहितेत ही कलमं ८२ आणि ८३ होती, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २० आणि २१ झाली.

---

‘अजाण’ माणसाला लागतं: अजाण लेकरू. ‘अजाणता’ कृतीला: अजाणता पाय लागला. ‘नकळत’ जरा लबाड आहे, कारण कोणाच्या नकळत ते विचारावं लागतं. ‘माझ्या नकळत बोलून गेलो’ यात बोलणारा बेसावध. ‘आईच्या नकळत लाडू खाल्ला’ यात खाणाऱ्याला सगळं नीट कळत होतं, अगदी डबा कुठल्या फळीवर आहे तेसुद्धा. त्या जागी ‘अजाणता लाडू खाल्ला’ म्हणून बघा, कोणी ऐकून घेणार नाही.

आणखी एक. जाणतो ‘मी’, पण कळतं ‘मला’. जाणण्यात मी कर्ता आहे, कळणं आपसूक होतं किंवा होत नाही. म्हणून चूक झाल्यावर आपण ‘मला कळलंच नाही’ म्हणतो. ‘मी जाणून घेतलं नाही’ असं म्हणणारा अजून भेटायचाय. कप फुटतो तेव्हाही तसंच: ‘फुटला’, फार तर ‘माझ्या हातून फुटला’. ‘फोडला’ हे दुसऱ्याच्या बाबतीतच वापरायचं, ‘त्याने फोडला’.

---

वरचं पटलं, पण मग दशरथाचं काय करायचं? रात्री नदीकाठी घागर बुडाल्याचा आवाज आला, हत्ती समजून शब्दवेधी बाण सोडला. श्रावण मेला. अजाणता खरंच. पण नदीवर माणूस पाण्याला येतो हे राजाला ठाऊक नव्हतं, असं कोण म्हणेल? त्याला ‘कळलं नाही’, कारण त्याने पाहिलंच नाही. अशा न कळण्याला मराठीत चांगला शब्द आहे: हयगय. पोलिसांच्या फिर्यादीत अजून जिवंत आहे: ‘ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने चालवून मरणास कारणीभूत झाला’. हेतू नाही, पण सुटकाही नाही. ‘निष्काळजीपणा’ वर्तमानपत्री वाटतो, हयगयीत दुर्लक्ष करणारा माणूस दिसतो.

त्या फिर्यादीत शब्द ‘कारणीभूत’ आहे हेही पाहा. कारणीभूत पाऊसही होतो. ‘जबाबदार’ माणूसच, कारण जबाब त्यालाच विचारता येतो. ‘दरडीला पाऊस जबाबदार’ अशी बातमी वाचली की मला तर शंका येते की ज्याला विचारायचं तो बाजूला ठेवलाय.

---

हयगय पटली. सातबाऱ्यावर तर ती आमच्याच घराची आहे, मामाला अर्ज करायला जवळजवळ पन्नास वर्षं सुचलं नाही. आता त्याच्या नावाने मी अर्ज लिहितोय. ‘अज्ञान शेरा काढून टाकावा’ असं लिहू का?

---

काढून टाकत नाहीत. महसुलाच्या भाषेत नोंद ‘कमी करतात’. ‘मी सज्ञान झालो असल्याने माझ्या नावाचा अज्ञान व अ.पा.क. शेरा कमी करण्यात यावा’ असं लिहा, सोबत वयाचा दाखला जोडा. मामींची सही लागत नाही.