रोबोटचा संच की वाळूचा साचा? शाळकरी मुलांना अभियांत्रिकीची ओळख कशी व्हावी?

उद्यमनगरी (धागाकर्ता):
अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यातून थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटचे संच येतात. योजनेला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो संचासोबतच्या पुस्तिकेला. तिच्यात सांगितल्याप्रमाणे वायरी जोडल्या की रोबोट चालतो, पण तो का चालला, हा प्रश्न मुलाला पडतच नाही.

आपल्या कोल्हापूर परिसरात शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव येथे ओतकाम, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतून वस्तू घडवण्याचे काम, चालते आणि त्यातले विज्ञान वर्गातही दाखवता येते. ओलसर वाळूत वाटी दाबून साचा करावा, गरम पाण्यावर वितळवलेले मेण त्यात ओतावे आणि ओतण्यापूर्वीच प्रत्येकाला वहीत लिहायला लावावे, की गार झाल्यावर पृष्ठभाग सपाट राहील, फुगेल की खचेल. मेण मधोमध खचते, कारण कडा आधी घट्ट होतात आणि आकुंचनाची सारी तूट शेवटी गोठणाऱ्या भागाच्या वाट्याला येते. फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, साच्याला जोडून जादा रसाचा साठा (रायझर) ठेवतात तो ही तूट भरून काढण्यासाठीच. आणि बिडाच्या कास्टिंगचा (ओतीव वस्तूचा) पॅटर्न, म्हणजे वाळूत दाबायचा नमुना, मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर मोठा करतात, तोही आकुंचनाचा हिशेब धरूनच. आधी अंदाज, मग कृती आणि शेवटी मोजमाप, हा क्रम अंगवळणी पडला तर अभियांत्रिकीची ओळख झाली असे मी म्हणेन.

राजारामपुरीतील एक पालक:
प्रयोग चांगला आहे, परंतु त्यामागचा विचार मला मान्य नाही. माझे वडील मोल्डर, म्हणजे फाउंड्रीत वाळूचे साचे करणारे कामगार, होते. हाताला काम लावण्याचे कौतुक बहुधा तेच करतात, ज्यांच्या घरात हाताचे काम कधी सक्तीचे नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, वसतिगृहांना आश्रय दिला, म्हणून या जिल्ह्यातल्या अनेक घरांना पिढीजात धंद्याबाहेरची वाट सापडली. आता २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला जाण्याविषयी बोलते. ते दहा दिवस गरिबाचे मूल रंधा मारणार आणि सधनाचे मूल संध्याकाळी पुन्हा फाउंडेशन क्लासला बसणार, हे सांगायला ज्योतिषी नको. अभियांत्रिकीचे दार आजही गणितानेच उघडते.

विज्ञानशिक्षिका:
पालकांचा मुद्दा बोचरा असला तरी खरा आहे. मात्र त्यावरचा उपाय प्रयोग टाळणे हा नव्हे. दहावीच्या विज्ञानात १०० पैकी २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि साठ मुलांच्या वर्गात ते बहुतेकदा तयार जर्नल उतरवून मिळतात, हे मी शिक्षिका असूनच लिहीत आहे.

मी मेणाऐवजी पाणी घेईन. पंचगंगेवरचा राजाराम बंधारा मुलांच्या रोजच्या पाहण्यातला असतो, पण पावसाळ्यापूर्वी बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) का काढतात आणि पावसाळा सरल्यावर ते पुन्हा का बसवतात, हे त्यांना कोणी विचारलेले नसते. बाटलीला तीन उंचींवर भोके पाडली की खालच्या भोकातून पाणी सर्वाधिक जोराने बाहेर पडते; मग तळाच्या बरग्यावर किती दाब येत असेल, याचे गणित पाण्याच्या खोलीवरून मुले स्वतः मांडतात. नुसती बंधाऱ्यावर सहल नेली तर मात्र सेल्फीपलीकडे काही घडत नाही.

शिरोलीकर:
फाउंड्रीत गुणवत्ता तपासणीचे काम करतो, म्हणून थोडक्यात लिहितो. प्रत्यक्ष ओतकामाजवळ शाळकरी मुले नकोत. तिथे सुमारे १४०० अंश सेल्सिअसचा रस असतो. पण वाळूतले पाणी प्रमाणाबाहेर गेले की वाफ कोंडून कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे पोकळ छिद्रे, पडतात, हे शाळेत ओली वाळू तोलून शिकता येईल. नव्याने कामाला लागलेल्या पदवीधरांना आकुंचनाचे सूत्र तोंडपाठ असते. व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन) हातात दिला की ते इकडेतिकडे बघू लागतात.

उद्यमनगरी:
पालकांना एवढेच सांगतो, की मी मुलांना मोल्डर करायला निघालेलो नाही. खळगा किती खोल पडला ते मोजणे, त्याचे घनफळ काढणे आणि तेवढे मेण पुरवणारा रायझर केवढा असावा हे ठरवणे, हे गणितच आहे. फक्त त्याचे उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर छापलेले नसते.

राजारामपुरीतील एक पालक:
मग तसेच करा, पण सुरुवात महापालिकेच्या शाळेपासून नको. ज्या शाळांची शुल्के आम्हाला परवडत नाहीत, तिथे आधी वाळू चाळली जाऊ द्या. त्या मुलांनी जेईईचा तास सोडून मेण ओतलेले दिसले, तर माझ्या मुलीची वही मी स्वतः घेऊन येईन. आणि त्या वहीतल्या मोजमापांना वीसपैकी किती गुण मिळणार, याचे उत्तर बाईंनी अजून दिलेले नाही.

विज्ञानशिक्षिका:
अंतर्गत गुण शाळेच्याच हाती असतात. चुकलेल्या अंदाजाचे कारण नीट लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देईन. मुख्याध्यापकांची संमती मात्र अजून घ्यायची आहे.