इंजेक्शनच्या वेळी मास्क ठेवायचा की काढायचा? मदत हवी आहे (परवाच आहे!)

कावेरी७
आईला परवा सकाळी इंजेक्शन आहे. पेशंटने मास्क लावायचाच असा तिथला नियम आहे. पण मास्क लावला की तिचा श्वास वर जातो, चष्म्यावर वाफ धरते. मग तोंडातले जंतू तिकडेच जाणार ना? मास्क काढू द्या म्हणून भांडू का? फोन केला तर "डॉक्टर सांगतील" एवढंच उत्तर. लवकर सांगा, प्लीज.

डोंबिवलीकर
इंजेक्शन कशाचं? दंडात असेल तर एवढी काळजी कशाला?

कावेरी७
डोळ्यात. शुगरमुळे पडद्याला सूज आहे.

पश्चिमवारा
माझ्या वडिलांना दर महिन्याला देतात. आम्ही मास्क काढायलाच लावतो, कधी काही झालं नाही. तुम्हीही काढायला लावा.

ओटी_सिस्टर (निवृत्त)
पश्चिमवारा, तुमच्याकडे काही झालं नाही म्हणून सगळ्यांना तोच सल्ला देऊ नका. आत जंतुसंसर्ग होणं मुळात विरळा, साधारण दोन-तीन हजार इंजेक्शनांत एखादा. पण झाला तर नजर जाऊ शकते. तोंडातले स्ट्रेप्टोकोकस जंतू त्यात फार वाईट.

कावेरी, तुमची शंका अगदी रास्त आहे. सैल मास्कच्या वरच्या कडेतून श्वासाचा झोत डोळ्याकडे जातो. म्हणून मास्क काढू नका, वरची कड बंद करा. नाकावरची तार नीट दाबून बसवायची आणि या गालापासून त्या गालापर्यंत चिकटपट्टी लावायची. मायक्रोपोर टेप चालतो. वाफ येते का ते चष्मा घालून आधी घरीच बघा, मग तिथे चष्मा काढा. सुई आत जाताना आईने बोलायचं नाही. डॉक्टर आणि सिस्टरनीही मास्क लावून गप्प राहायचं.

आईंना सर्दी-खोकला आहे का? पापण्यांना खपल्या, डोळ्यातून घाण? आयोडीनची ॲलर्जी?

त्रिफळा_प्रेमी
आदल्या रात्री त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवा. आमच्याकडे तीन पिढ्या करतात, आत इन्फेक्शन राहतच नाही.

ओटी_सिस्टर (निवृत्त)
कृपा करून असं सांगू नका! घरात केलेला काढा निर्जंतुक नसतो. इंजेक्शनच्या आधी डोळ्यात पॉव्हिडोन आयोडीनचे थेंब घालतात, खरा बचाव त्यानेच होतो. तेही डोळ्यासाठीचं ५ टक्क्यांचं. घरातली जखमेची बाटली डोळ्याजवळ नेऊ नका.

त्रिफळा_प्रेमी
आयुर्वेदाला नावं ठेवण्याची फॅशनच आहे.

डोंबिवलीकर
इंजेक्शन कोणतं ते विचारलंत का? अव्हास्टिन असेल तर सावध. २०१६ साली गुजरातेत काही पेशंटना त्रास झाल्यावर सरकारने इशारा काढला होता.

पश्चिमवारा
तो इशारा नंतर मागे घेतला. वडिलांना तेच देतात, बाकीची परवडत नाहीत. आणि मास्कचा याच्याशी काय संबंध?

डोंबिवलीकर
संबंध आहे. एका बाटलीतून अनेक सिरिंज भरतात, तेव्हा स्वच्छता पाळली नाही तर मास्क लावून काय उपयोग?

सातारची_सुमन
माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. लेन्स भारतीय घ्यावी की बाहेरची?

कावेरी७
लेन्सचा वेगळा धागा काढा ना ताई. औषधाचं नाव उद्या विचारते. ॲलर्जी नाही, पापण्या ठीक. खोकला आहे थोडा, चार-पाच दिवसांपासून. रात्री जास्त. ते महत्त्वाचं आहे का?

ओटी_सिस्टर (निवृत्त)
फार महत्त्वाचं! उद्या सकाळीच कळवा. ऐन वेळी उबळ आली तर मान हलेल आणि सुई डोळ्यात असेल. तारीख पुढे ढकलायची का, ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही मनाने ढकलू नका, सूज वाढू शकते.

नंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरू नका, आठ-पंधरा दिवसांत जातो. दिवसभर खुपणंही आयोडीनमुळे होतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, उजेड सहन होईना किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डोळा दाखवायचा, मग रविवार का असेना. रात्रीचा फोन नंबर आधीच मागून घ्या.

कावेरी७
नंबर दिलाच नाहीये त्यांनी! उद्या खोकल्याचं सांगताना तोही घेते. टेप आपण घेऊन गेलो तर चालतो की तिथलाच लागतो?

ओटी_सिस्टर (निवृत्त)
नवा, न उघडलेला रोल न्या आणि सिस्टरच्या हातात द्या. त्यांच्याकडे असेल तर त्या त्यांचाच लावतील.