‘सेप्टिक टाकी भरली नाही तर उपसायची कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर

टाकी तर वापर सुरू झाल्यावर लवकरच काठोकाठ भरते. त्यानंतर जेवढं पाणी आत येतं तेवढंच बाहेर जातं. बघायचा तो तळाचा गाळ. तो वाढला की पाण्याला आत थांबायला वेळ मिळत नाही, मैला खाली न बसताच शोषखड्ड्यात जातो आणि भोवतालच्या मातीची छिद्रं बुजतात. टाकी उपसता येते, माती नाही.

लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडा, थोड्या वेळाने सरळ वर काढा. काळा पट्टा म्हणजे गाळ. तो आणि वरचा तेलकट थर मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाले की व्हॅक्यूम टँकर बोलवा, साधारण २-३ वर्षांनी. दोन्ही कप्पे उपसून घ्या (पहिलाच उपसून निघून जाणारे कमी नाहीत).

कोकणात भर पावसात उपसा नको. भूजल वर आलेलं असतं, रिकामी फायबरची टाकी उचलली जाते. एरवीही नंतर लगेच पाणी भरा. जिवाणूंच्या पावडरीने साचलेला गाळ जात नाही. आणि आत कुणालाही उतरवू नका, हायड्रोजन सल्फाइडने काही श्वासांत शुद्ध हरपते.