उ. चालतेय तर हलवायची कशाला?

वाचनालयाची साइट ड्रुपल ७ वर (ड्रुपल म्हणजे वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर, ७ ही त्याची जुनी आवृत्ती) मस्त चालतेय, मग कशाला हात लावायचा, असं वर विचारलंय. आज चालतेय हो, पण ५ जानेवारी २०२५ नंतर ड्रुपल समुदायाने ७ ला सुरक्षा-दुरुस्त्या देणं थांबवलंय. उद्या भोक सापडलं तर बुजवायचं तुम्हालाच. शिवाय होस्टिंगवाला एक दिवस पीएचपीची (ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय ती) आवृत्ती बदलतो आणि सकाळी पांढरं पान!

७ वरून १० किंवा ११ वर जाणं म्हणजे अपग्रेड नव्हे, घर बदलणं. ८ पासून आतला सांगाडाच सिंफनीवर (पीएचपीतली तयार चौकट) गेला, त्यामुळे जुनी थीम (साइटचं रूप ठरवणारा भाग) निकामी. छोट्या साइटला बॅकड्रॉप बघा. ड्रुपल ७ मधूनच फुटलेलं वेगळं सॉफ्टवेअर आहे, थेट अपग्रेड होतो, व्ह्यूज (मजकुराच्या याद्या दाखवणारा भाग) गाभ्यातच आहे. फक्त तुमची मॉड्यूल्स (वरून जोडलेले जादा भाग) तिथे आली आहेत का ते आधी तपासा.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साइट हलवताना मी मॉड्यूल्स मोजली: ४३. त्यातली निम्मी कोणी आणि का टाकली, कुणालाच आठवेना. (एक नुसतं पडद्यावर बर्फ पाडायचं होतं. सह्याद्रीत!) आधी ती काढली, मग बॅकअप. बॅकअप घेतलात की दुसरीकडे उघडून एखादं मराठी पान वाचाच. जुना डेटाबेस लॅटिन१ मध्ये (युरोपीय अक्षरं साठवायची जुनी पद्धत) असेल तर ‘राजमाची’च्या जागी युरोपीय अक्षरांची खिचडी दिसते. आमची दिसली, आणि दोन रविवार त्यातच गेले.

मॉड्यूल्सची यादी इथे टाका, बघून सांगतो.