विश्व फुगलं, पण फुगवलं कशानं? स्ट्रिंग थिअरीकडे उत्तर आहे का?

माटुंग्याची_फिजिक्सवाली
बारावीच्या वर्गात एका मुलीने विचारलं, "मॅडम, सुरुवातीला विश्व फुगलं हे कळलं, पण फुगवलं कशानं?" १९८१ च्या लेखात अ‍ॅलन गुथ यांनी इन्फ्लेशन, म्हणजे सुरुवातीच्या क्षणार्धातला हा प्रचंड फुगवटा, मांडलं, पण त्यामागचं क्षेत्र (अवकाशभर पसरलेली, फुगवटा घडवणारी ऊर्जेची राशी) गृहीतच धरलं. ते आलं कुठून, हे स्ट्रिंग थिअरी (सगळे कण म्हणजे इवल्या तारांची कंपनं, असं मानणारा सिद्धांत) सांगू पाहते, म्हणून मी तिच्या बाजूची. २००३ मध्ये काच्रू, कॅलोश, लिंडे आणि आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे संदीप त्रिवेदी यांनी या थिअरीला लागणाऱ्या, आपल्याला न दिसणाऱ्या गुंडाळलेल्या सहा जास्तीच्या मिती स्थिर कशा राहू शकतील ते मांडलं. त्याच वर्षी याच चौघांचं माल्डासेना, मॅकअ‍ॅलिस्टर यांच्यासोबत पुढचं चित्र आलं. एक ब्रेन (मेंदू नव्हे, या थिअरीतली पडद्यासारखी वस्तू) आणि एक प्रतिब्रेन (त्याची उलट भाराची जोडी) जास्तीच्या मितींमधून एकमेकांकडे सरकतात. त्यांच्यातलं अंतर हेच ते क्षेत्र. ते हळूहळू घटतं तोवर विश्व फुगतं, आणि दोघे भिडून नष्ट झाले की त्यांच्या ऊर्जेतून तापलेलं विश्व उरतं.

ठाण्याचा_शंकासुर
मॅडम, पोरीला अर्धंच सांगाल. ब्रेनच्या त्याच लेखात त्यांनीच दाखवलंय की मिती स्थिर केल्या की क्षेत्राच्या ऊर्जेचा उतार तीव्र होतो आणि फुगवटा लगेच आटोपतो. मग आकडे जुळवत बसायचं. जुळवायचेच, तर गुथसारखं गृहीत धरलेलं साधं क्षेत्र काय वाईट?

माटुंग्याची_फिजिक्सवाली
साध्या क्षेत्राचा उतार हवा तसा सपाट धरा, कोणी अडवत नाही. इथे गणित अडवतं. मला तेच मोलाचं वाटतं.

डोंबिवलीकर
शिवाय ब्रेनच्या चित्रात आदिम गुरुत्वीय लहरी (फुगवट्यात उठलेले अवकाशाचे तरंग) अगदी क्षीण हव्यात. २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप२ दुर्बिणीने त्यांचं प्रमाण (सुरुवातीच्या घनतेतल्या चढउतारांच्या तुलनेत) ०.२ सांगितलं, तेव्हा हे चित्र मेलंच होतं. नंतर कळलं, तो बराचसा आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीचा परिणाम.

ठाण्याचा_शंकासुर
आणि लहरी खऱ्या निघाल्या असत्या तर? २००८ पासून अ‍ॅक्सिऑन मोनोड्रोमी (एकाच वाटेवर फेऱ्या मारत क्षेत्राला लांब सरकू देणारं मॉडेल) तयारच होती, तीही स्ट्रिंगचीच, जोरदार लहरींची. दिसल्या तर हे, नाही दिसल्या तर ते!

डोंबिवलीकर
तिचं सरळ रेषेचं रूप, म्हणजे क्षेत्रासोबत ऊर्जा सम प्रमाणात वाढते ते, लहरींचं प्रमाण ०.०७ च्या आसपास सांगतं. २०२१ च्या निरीक्षणांची कमाल मर्यादा ०.०३६. गेलं ना ते?

ठाण्याचा_शंकासुर
मॉडेल गेलं, थिअरी जागेवर. त्यात २०१८ मध्ये स्ट्रिंग थिअरीचेच अभ्यासक वाफा आणि सहकाऱ्यांनी तर्क मांडला की २००३ सारखी स्थिर स्थिती स्ट्रिंग थिअरीत बसतच नाही. पायाच वादात आहे, दादा.

माटुंग्याची_फिजिक्सवाली
वादात आहे, मान्य. सोमवारी तिला तेही सांगेन. सोबत हेही, की लहरींचं प्रमाण ०.०१ च्या वर निघालं तर माझं ब्रेनचं चित्र मी पुसेन, कारण तेवढ्या लहरींसाठी ब्रेन जितकं लांब सरकायला हवं, तितकं सरकायला त्या मितींमध्ये जागाच नाही.