सलग क्रमांक: आधी आकडे करून घ्या

पायथनमध्ये एक्सएमएल फाइलमधले (खुणा घालून माहिती मांडलेली मजकूर-फाइल) क्रमांक सॉर्ट केले, म्हणजे क्रमाने लावले, की १० हा ९ च्या आधी येतो आणि सलग क्रमांक जुळत नाहीत, असं एकाने विचारलंय. पार्सर (फाइल वाचून देणारा कोड) अ‍ॅट्रिब्यूटची, म्हणजे खुणेच्या आत लिहिलेल्या माहितीची, किंमत मजकूर म्हणूनच हातात देतो, आणि अक्षरांच्या हिशेबात '१' आधी, '९' नंतर. म्हणून आधी इंट (मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन), मग सॉर्ट. (पायथनचा इंट देवनागरी '४१'सुद्धा बिनतक्रार वाचतो. मला फार आवडलं होतं हे!)

इंदुरात आमच्या गल्लीच्या गणपतीच्या वर्गणीची फाइल अशीच तपासली होती. पावत्या ४१, ४२, ४३, ४६, ४७. प्रत्येक क्रमांकातून यादीतली त्याची जागा वजा करा, ० पासून मोजून: ४१, ४१, ४१, ४३, ४३. बाकी बदलली की रांग तुटली. पायथनच्या इटरटूल्स मॉड्यूलमधल्या ग्रुपबायला (लागोपाठ सारखं असेल त्याचे गट पाडणारं फंक्शन) हीच बाकी द्या, सलग गट आपोआप पडतात. मात्र एकच क्रमांक दोनदा असेल तर हिशेब फसतो, तेव्हा सॉर्टच्या आधी सेट करून घ्या, दुबार क्रमांक गळतात. माझी तिथंच संध्याकाळ गेली.

फाइल फार मोठी असेल तर इटरपार्स (फाइल थोडी थोडी वाचणारं फंक्शन) वापरा, आणि वाचून झालेला एलिमेंट, म्हणजे फाइलमधली एकेक नोंद, क्लिअर करा.

४४, ४५? खजिनदारकाकांच्या डायरीत घडी घालून ठेवलेल्या निघाल्या.