शाळेतलं लेक्चर रद्द झालं, आता मुलाशी मी काय बोलू?

पडवीतून (दापोली तालुका)

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही. माझा मुलगा दहावीला, मुलगी आठवीला, दोघं जवळच्याच हायस्कूलला. नवरा मुंबईला नोकरीत, गणपती, शिमगा आणि मे महिन्यात येतो, घरात मी आणि सासूबाई. गेल्या महिन्यात पालकसभेत हेडमास्तर म्हणाले की आरोग्य केंद्रातून सिस्टर येऊन वयात येण्याबद्दल बोलणार आहेत, मुलींना एक तास, मुलं तेव्हा ग्राउंडवर. झालं, चार जण उभे राहिले, आम्हाला कोणी शिकवलं होतं, आम्हाला पोरं झाली नाहीत का, नको ते डोक्यात कशाला भरवताय. सर गप्प. लेक्चर रद्द. मी पण गप्पच बसले आणि ते मला लागून राहिलंय.

कारण त्याच आठवड्यात पहाटे पाचला पंप लावायला उठले तर परसात दोरीवर धुतलेली चादर. मला वाटलं सासूबाईंनी धुतली, तर नाही, मुलाने. अंधारात, कोणाला न सांगता, जो स्वतःचं ताट उचलत नाही तो. चार दिवसांनी परत तेच. मग दप्तर झटकताना एक पुडी मिळाली, कसलंतरी चूर्ण, वर छापलंय धातू जाणे, अशक्तपणा, लग्नाआधी इलाज. एसटी स्टँडच्या मुतारीत भिंतीला चिकटवलेलं असतं ना, तसलंच. ३०० रुपये घातलेत त्याने, गणपतीला आत्याने हातावर ठेवलेले. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मुलीचं मी केलं. पाळी आली तेव्हा पॅड कसं घ्यायचं, किती वेळाने बदलायचं सगळं दाखवलं आणि सासूबाईंना सांगितलं की ही बाजूला बसणार नाही. पण मुलाशी कुठल्या शब्दांत बोलू? आणि शाळेत ते परत सुरू व्हायला काय करावं लागेल?

विज्ञानाचा मास्तर (गुहागर)

ताई, आधी मुलाचं. त्याला काहीही झालेलं नाही. वयात येताना शरीरात वीर्य तयार व्हायला लागतं, ते झोपेत कधी कधी आपोआप बाहेर येतं, बहुतेक मुलांना कधी ना कधी होतं आणि त्याने ताकद जात नाही, रक्त कमी होत नाही, पुढे लग्नाला अडचण येत नाही. आपल्या भाषेने इथे फार मोठा घोळ घातलाय, या गोष्टीला शब्दच आहे 'स्वप्नदोष'. ज्याच्या नावातच दोष आहे ते पोराला आजार वाटणारच, आणि चूर्णवाला त्याच शब्दावर पैसे कमावतो. ती पुडी आधी बंद करा, आत काय घातलंय कोणाला माहीत.

शाळेचं म्हणाल तर, हे पुस्तकात नाही असं कोणी म्हटलं तर दहावीचं विज्ञान भाग २ उघडून दाखवा. तिसरा धडा, सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग २. मानवी प्रजनन संस्था, ऋतुचक्र, कुटुंबनियोजन, टेस्ट ट्यूब बेबी, सरोगसी सगळं आहे. धडा आहे, तो वर्गात उभं राहून वाचणारा माणूस नाही. मी स्वतः नोकरीची पहिली सात-आठ वर्षं 'हे घरी वाचून या' म्हणून पुढे गेलोय आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या मुलांनी ते घरी वाचलं नाही, मोबाईलवर भलतंच बघितलं.

आता मी धड्याच्या आधी आठवडाभर वर्गात बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा ठेवतो, चिठ्ठी टाका, नाव नको. काय येतं सांगू? एक अंडकोष दुसऱ्यापेक्षा खाली आहे, मला कॅन्सर आहे का. पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावला तर खरंच नासतं का. दोन महिने पाळी आली नाही, मी काहीच केलेलं नाही तरी दिवस राहिले असतील का. या शेवटच्या चिठ्ठीचे अक्षर थरथरलेलं होतं, पेन्सिलने लिहून दोनदा खोडलेलं. पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होते, एवढं एक वाक्य त्या पोरीला कोणी सांगितलं नव्हतं. अंडकोष थोडा खालीवर असणं नेहमीचं आहे आणि लोणचं नासत नाही, हे पण मी सगळ्यांसमोर मोठ्याने सांगतो. पहिली पाच मिनिटं खिदळतात. मग वर्ग असा शांत होतो की बाहेर माडाच्या झावळ्यांचा आवाज येतो.

चाकरमानी_विरार

मी विरोध करणाऱ्यांतलाच आहे, तर माझंही ऐका. माझी मुलगी नववीत, गावी आजी-आजोबांकडे शिकते. मला भीती वाटते ती ही की शिकवणार कोण आणि दाखवणार काय. प्रत्येक शाळेत असे मास्तर असतात असं नाही. एखादा विकृत निघाला तर या विषयाच्या नावाखाली काय बोलेल? आणि लहान वयात सगळं कळलं की करून बघावंसं वाटणार नाही का? मी मागासलेला नाही, बाप आहे आणि लांब आहे.

उपकेंद्रातली सिस्टर (देवगड)

दादा, तुमची भीती खोटी नाही, म्हणून नीट सांगते. दाखवणार काय हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे. २००७ साली लैंगिक शिक्षणाच्या पुस्तिकेतल्या चित्रांवरून ओरड झाली आणि महाराष्ट्राने हे शिक्षणच थांबवलं, चित्रं बदलून घेता आली असती. तेव्हा साहित्य आधी पालकसभेत टेबलावर ठेवायला सांगा, वाचा, मग बोला. आणि २०२० पासून आयुष्मान भारतच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक ट्रेनिंग देऊन तयार करायचे आहेत, शक्यतो एक बाई एक सर, त्यामुळे कोणीही उठून बोलेल असं नाही. तुमच्या शाळेतले ते दोन कोण ते हेडमास्तरांना विचारा.

कळलं की करून बघतील, हे मी पण सासरी-माहेरी ऐकत आले. युनेस्कोची २०१८ सालची सुधारित मार्गदर्शिका आहे, जगभरातले अभ्यास बघून त्यांनी लिहिलंय की असं शिक्षण मिळाल्याने मुलं लवकर संबंधांकडे वळत नाहीत.

पण माझ्यासाठी खरं कारण वेगळंच आहे. माझ्या नोकरीत एक मुलगी बघितलीय, गाव सांगत नाही, सहा महिने 'पोटात दुखतं' एवढंच म्हणत होती. घरातल्याच एका मोठ्या माणसाचा त्रास होता. तिच्याकडे शब्दच नव्हते हो, कुठे हात लावला ते सांगायला जागेचं नाव लागतं, ते तिला कोणी दिलेलं नव्हतं, जी नावं ऐकलेली त्या शिव्या होत्या आणि शिवी आईसमोर कशी उच्चारणार. ज्या मुलीला नीट नावं माहीत आहेत आणि 'हे चुकीचं आहे आणि चूक माझी नाही' हे माहीत आहे, ती पहिल्या आठवड्यात बोलते. वाईट मास्तरापासून वाचवणारं पण हेच आहे.

कायद्याचं पण मुलांना सांगायला हवं आणि मुलग्यांना जास्तच. पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा, त्यात १८ च्या आतली मुलगी 'मी माझ्या मर्जीने गेले' म्हणाली तरी ती संमती धरत नाहीत. जत्रेत ओळख होते, पळून जातात, मग मुलगा १९ चा असेल तर सरळ आत. अशा प्रकाराची माहिती असून पोलिसांना न कळवणं हा पण गुन्हा आहे. आणि मुलीला दिवस गेले तर बदनामीच्या भीतीने भोंदूकडे नेऊ नका, सरकारी दवाखान्यात आणा. २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुलीने नि पालकांनी विनंती केली तर गर्भपाताच्या वेळी डॉक्टरने कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर मुलांना पाठ करून द्या, फुकट लागतो. ताई, तुमच्या मुलाला ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक असेल तर तिथे घेऊन जा, वयात येणाऱ्या मुलांसाठीच आहे.

मुलांना ग्राउंडवर पाठवायचं हे मात्र मला अजिबात पटत नाही. पाळी काय हे वर्गातल्या मुलांना माहीत असतं तर ड्रेसला डाग दिसला म्हणून मुली दहावीत शाळा सोडून घरी बसल्या नसत्या.

फाका_घालणारा (संगमेश्वर)

सिस्टरताई शिवीचं बोलल्या त्यावरून. आपल्याकडे शिमग्यात होळीभोवती सगळा गाव फाका घालतो, आजोबा, काका, बारकी पोरं सगळे, अवयवांची एकेक नावं अशी ओरडतात की पलीकडच्या वाडीत ऐकू जावं. कोणाला काही वाटत नाही, देवाचं म्हणून. मी पण सहावीत असल्यापासून ओरडलोय. पण वर्गात 'योनी' शब्द आला तेव्हा बाईंचा आवाज अडकला आणि आम्ही बाकाखाली तोंड घातलं. म्हणजे शब्द गावाकडे होते, फक्त ओरडण्यापुरते. सांगायला म्हणून, विचारायला म्हणून ते कोणी वापरलेच नव्हते. मी २३ वर्षांचा आहे, जे काय शिकलो ते मोबाईलवरच्या घाण व्हिडिओतून, आणि त्यातलं किती खोटं असतं हे कळायला फार वर्षं गेली, मधल्या काळात एका मुलीशी मी फार वाईट वागलो. नाही म्हणते म्हणजे लाजते असं मला खरंच वाटायचं.

आणि पडवीतून ताई, तुमच्याच तालुक्यातल्या मुरुडचे र. धों. कर्वे. १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत समाजस्वास्थ्य मासिक चालवलं, अश्लील म्हणून खटले झाले, १९३४ ला त्यांच्या बाजूने कोर्टात डॉ. आंबेडकर उभे राहिले. पुढच्या सभेत कोणी 'आपल्याकडे हे नव्हतं' म्हटलं तर हे नाव घ्या.

चाकरमानी_विरार

सिस्टरताई, ते नावं माहीत असण्याचं मी कधी या बाजूने बघितलंच नव्हतं. साहित्य आधी दाखवणार असतील तर माझा विरोध नाही. दिवाळीला येतोय, शाळेत जाऊन स्वतः बघतो.

पडवीतून (दापोली तालुका)

सगळ्यांचे आभार, मास्तरांचे तर खूप. काल खळ्यात भाताचे भारे रचत होतो आम्ही दोघंच, तेव्हा बोलले. समोरासमोर बसून झालं नसतं, भारा देता-घेता झालं. म्हटलं चादर बघितली मी, ते वीर्य असतं, सगळ्या मुलांना होतं, तुझ्या बाबांना पण झालं असणार. त्याने मान वर केली नाही, दोन भारे रचून झाले आणि मग विचारलं, "म्हणजे मी कबड्डी खेळलो तर चालेल?" महिनाभर प्रॅक्टिसला जात नव्हता तो, मी समजत होते अभ्यासामुळे. पुडी त्यानेच आणून दिली, शेणखताच्या खड्ड्यात टाकली.

बचत गटात विषय काढला, अकरा बायकांनी अर्जावर सह्या केल्यात, त्या दिवशी उभे राहिलेल्या चौघांतल्या एकाच्या बायकोची पण आहे. साहित्य आधी पालकांना दाखवा, ट्रेनिंग घेतलेले दोन शिक्षक कोण ते सांगा आणि मुलांना ग्राउंडवर पाठवू नका, असं लिहिलंय. सोमवारी शाळा भरताना नेऊन देणार आहोत, सहा जणी येते म्हणाल्यात.